बांधावरचं मूलद्रव्य

लग्नाला तीस वर्षं उलटून गेल्यावर नवऱ्यानं मला विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

आणि विचारलं तेही किती अदबीनं! जन्मात कधी मला 'तुम्ही' म्हटलं नाही या माणसानं. 'अगं ए' आणि 'ऐकलं का' एवढ्यावर आमचा संसार झाला. मी दुधाचा पेला घेऊन पलंगाशी उभी होते. म्हटलं, "असं काय करताय? मी त्रिशला."

ते हसले. परक्या बाईशी हसावं तसं, बेतानं. "नाही हो. त्रिशला नव्हे तुम्ही. तुमच्या अंगाला लसणाचा वास येतोय."

दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं असतं तर नवरा म्हणाला असता, आज कशाला फोडणी दिलीस गं? पण आम्ही जयसिंगपूरचे मगदूम, दिगंबर जैन. आमच्या घरात कांदा-लसूण पिढ्यान्‌पिढ्या आलेला नाही. चातुर्मासात तर मी बाजारात लसणाच्या ढिगाला वळसा घालून जाते. जिच्या अंगाला लसणाचा वास आहे ती भरतेश मगदुमांची बायको असूच शकत नाही, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की माझ्या सांगण्याला तिथं काडीची किंमत नव्हती.

चेहरा बघून तरी ओळखायचं, असं म्हणाल. चेहरा दिसत नव्हता. आदल्या वर्षी त्यांना मेंदूचा झटका आला, आणि मिरजेच्या डॉक्टर नसरीन मुजावर यांनी कागदावर मेंदू काढून मला समजावलं होतं. "मॅडम, डोळे ठणठणीत आहेत. पण डोळ्यांनी टिपलेलं समजून घेणारा मागचा भाग गेलाय. आवाज ऐकू येतो, शब्द कळतात, पण आवाज कोणाचा ते कळत नाही. जुनं सगळं आठवतं, नवं टिकत नाही."

"मग राहिलं काय हो?"

"वास," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्या जाणिवा मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर थांबतात. वासाची वाट वेगळी आहे. ती थेट आठवणींच्या आणि मायेच्या जागी जाते, आणि त्यांची ती वाट शाबूत आहे. बघा, वासानं ओळखतील तुम्हाला."

आणि ओळखायचे की! नागरमोथा घालून घरी काढलेलं खोबरेल मी लावते, अंगाचा आपला म्हणून एक वास असतो तो निराळाच. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की यांचं तोंड माझ्याकडं वळायचं. बोलायचे काही नाहीत. आधी तरी कुठं बोलत होते! पण तोंड वळायचं, आणि मला तेवढं पुरायचं. रजा संपली तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीला, राजमती अक्कांना, कुरुंदवाडहून बोलावून घेतलं आणि मी कारखान्यात परत रुजू झाले. तिथंच घोळ झाला.

मी रसायनवाली. आमचा कारखाना गावाबाहेर माळावर. देशभरातले उन्हावर वीज करणारे जुने सौरपत्रे आमच्याकडं येतात. पहिल्या पिढीतले पत्रे आता म्हातारे झाले, त्यांचे ढीगच्या ढीग लागलेत. त्यातल्या एका जातीच्या पत्र्यांत टेल्युरियम असतं. ते आम्ही काढून घेतो. पृथ्वीच्या कवचात ते सोन्याइतकंच दुर्मीळ, म्हणून भंगारातलं कणन्‌कण वेचावं लागतं.

टेल्युरियम म्हणजे काय, ते शाळेतल्या तक्त्यावरून सांगते. तक्त्याच्या डावीकडं सगळा धातूंचा पसारा. चकचकीत, ठोकलं की पत्रा होणारे, वीज आणि उष्णता दोन्ही बिनतक्रार वाहून नेणारे. उजव्या कोपऱ्यात अधातू. गंधकाचा खडा घ्या, ठोकला की भुगा, आणि वीज लावली तर ढिम्म. या दोघांच्या मधून पायऱ्यापायऱ्यांची एक रेघ उतरते, आणि तिच्या कडेनं बसलेत धातुसदृश. सिलिकॉन, जर्मेनियम, अँटिमनी, टेल्युरियम. दिसायला चांदीसारखे, पण हातोडा घाला, काचेसारखे फुटतात. वीज नेतात, पण हात राखून. आणि स्वभाव बघा, धातू तापला की वीज न्यायला कुरकुरतो. हे तापले की उलट जास्त नेतात. त्यात दुसऱ्या कशाची चिमूटभर भेसळ करा, सगळी चालच बदलते.

आम्हाला हवा होता तो हा अधलामधला स्वभावच. एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा असला, तर मधल्या पदार्थातून वीज वाहवता येते. पण अट अशी की त्यानं वीज जाऊ द्यावी आणि उष्णता अडवावी. धातू दोन्ही सोडून देतो, मग दोन्ही बाजू सारख्याच गरम. अधातू दोन्ही अडवतो. हे जमतं ते या मधल्यांनाच, आणि टेल्युरियमला बिस्मथची जोड दिली तर फारच छान जमतं. ही युक्ती जुनी आहे. मी काय केलं, तर टेल्युरियमची भट्टीत वाफ करून ती कापडावर कांद्याच्या... नाही, आमच्या घरात कांदा नको, केळीच्या सोपटाच्या पापुद्र्याइतक्या पातळ थरात बसवायची रीत शोधली. तिचं नाव उबपट्टी. गुऱ्हाळाच्या धुराड्याला गुंडाळा, गुऱ्हाळघरातले दिवे लागतात. छातीवर चिकटवा, अंगाच्या उबेवर हृदयाचं यंत्र चालतं आणि बॅटरी बदलायला पुन्हा छाती उघडावी लागत नाही. माझ्या हातून झालेलं हे काम आहे, मी उगाच नम्रपणा करणार नाही.

पण टेल्युरियम आहे गंधकाच्या घराण्यातलं. तक्त्यात त्याच उभ्या ओळीत, गंधकाच्या खाली दोन घरं. लसणाचा वास येतो तो गंधकाच्या संयुगांमुळं. टेल्युरियमची वाफ नाकावाटे किंचितशी जरी अंगात गेली तरी शरीर त्याला घराण्यातलंच समजतं, त्याला कार्बनची शेपटी लावतं आणि श्वासातून, घामातून बाहेर काढतं. त्याला वास येतो लसणाचा. एवढ्याशा वाफेनं जिवाला धोका नाही. फक्त वास येतो, आणि आत साठलेलं सगळं निघून जायला महिन्यांमागून महिने लागतात. आंघोळ करा, अत्तर फासा, काही उपयोग नाही. मोठी भट्टी मी रजेवरून परतल्यावरच पेटली. मुखपट्ट्या होत्या, पंखे होते, पण वाफच ती, फटीतून निघायचीच.

तर आमचं गाव असं झालं. एसटी बिनड्रायव्हरची झाली तरी कंडक्टर आहेच, तो ओरडायचा, "लसणीवाले मागं चला!" थिएटरात आमच्यासाठी वेगळ्या रांगा. लग्नं जमवताना लोक आधी विचारायला लागले, मुलगा भट्टीवर आहे की ऑफिसात? भट्टीवरचे मग भट्टीवरच्यांतच सोयरीक करायला लागले, म्हणजे कोणी कोणाला नाक मुरडायला नको. मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायची ती बाहेरच्या ओट्यावर बसायला लागले. आत गेले की बायका सरकून बसायच्या, ते बघवत नव्हतं.

सगळ्यात आधी अक्कांनीच हुंगलं. "त्रिशला, कारखान्याच्या कँटीनमध्ये काय काय खातीस गं तू?"

"अक्का, लसूण नाही तो. टेल्युरियम आहे."

"नाव बदललं म्हणून वास बदलतोय व्हय?" अक्का म्हणाल्या आणि देवघराचं दार ओढून घेतलं. मी परोपरीनं समजावलं तेव्हा कुठं त्यांना पटलं. पुढं त्या माझ्या बाजूनं भावाशी भांडल्यासुद्धा. "अरे भरतेश, तुझी बायकोच हाय ती!" तर हे शांतपणे म्हणाले, "अक्का, तू साधी आहेस. तुला कुणीही फसवतं."

मी डोक्यावर खोबरेल थापून बघितलं. त्यावर म्हणाले, "बाई, त्रिशलाचं तेल नका हो वापरू. ती आली की रागावेल."

डॉक्टर मुजावरांना विचारलं. त्या म्हणाल्या, भट्टीचं काम सोडा आणि वास जाण्याची वाट बघा, दुसरा इलाज नाही. वर हेही म्हणाल्या की यांना पुन्हा झटका येऊ शकतो, कधी ते सांगता येत नाही. सरळ हिशेब होता. तरी मी काम सोडलं नाही. हृदयाच्या यंत्राच्या पट्ट्यांची चाचणी ऐन भरात होती, आणि भट्टीचा स्वभाव माझ्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नव्हता, हे एक कारण.

दुसरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. हा माणूस माझ्याशी बोलायला लागला होता.

खरंच सांगते, मला काय बोलावं ते कळेना! सकाळची पाळी करून दुपारी घरी आले की मी त्यांच्यापाशी बसायची. नाव त्यांनीच ठेवलं, लसूणबाई. कालचं आठवत नसे, पण वास आला की चेहरा खुलायचा. डॉक्टर म्हणाल्या, गोष्टी विसरतात, ओढ विसरत नाहीत.

"या, या, लसूणबाई. ऊन फार आहे का बाहेर? पाणी घ्या आधी."

पाणी घ्या! मला! ते मोजणी खात्यात होते, भूमापक. सगळी हयात शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतांत साखळ्या ओढण्यात आणि पुढं यंत्रं लावण्यात गेली. घरी यायचे ते उन्हानं रापून, जेवायचे आणि गप्प. त्या गप्प बसण्याच्या आत एवढं भरलंय हे मला ठाऊकच नव्हतं. लसूणबाईला मात्र सगळं सांगायचे. एका बांधावरून दोन चुलतभाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, आणि हे मधोमध बसून डबा खायला लागले. "म्हटलं, मला भूक लागलीय, जेवून झालं की मारामारी करा. दोघं उभे राहून माझं जेवण बघत बसले. शेवटी एकानं पाणी आणून दिलं आणि दुसऱ्यानं गूळ." एवढं बोलून हे असे खळखळून हसले की अक्का धावत आल्या.

एकदा विचारलं, "तुम्ही काम काय करता, लसूणबाई?" मी धातू आणि अधातू समजावून सांगितले, मधली ती पायऱ्यापायऱ्यांची रेघ सांगितली. ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बांधावरची म्हणा की. आमच्याकडं बांधावरच्या झाडाची अशीच गत. आंबे दोघांनाही पाहिजेत, आणि सावली पडते म्हणून ओरडायला पण दोघंही तयार."

"खरं आहे हो," मी म्हटलं.

"तुमच्या हाताला चव आहे बाई. ही मुगाची आमटी तुम्हीच केली ना?"

तीस वर्षं तीच आमटी वाढतेय मी! ताट ठेवलं की 'हं' म्हणायचे, आवडलं तरी 'हं' आणि खारट झालं तरी 'हं'. मला त्या लसूणबाईचा असा काही मत्सर वाटला म्हणून सांगू! माझ्या नवऱ्याशी हसतेय, माझी आमटी स्वतःच्या नावावर खपवतेय. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मीच केस विंचरून, घाईघाईनं त्यांच्यापाशी जाऊन बसतेय. अक्का कपाळाला हात लावायच्या. "तुमचं दोघांचं काय चाललंय ते भगवंताला ठाऊक."

माणसाचं मन हावरट असतं. मला वाटायला लागलं, हा लसूणबाईवर एवढा लोभ करतो, तर बायकोबद्दल काय बोलतो ते ऐकावं. असल्या दुपारी कोणत्या बाईला मोह झाला नसता? अक्का बस्तीत गेल्या होत्या. मी सुपारी कातरत अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या मंडळी दिसत नाहीत कधी. कुठं असतात?"

त्यांनी दाराकडं कान दिला. मग म्हणाले, "दार लावता का जरा?"

मी दार लावलं.

"अक्का आहे का घरात?"

"नाही. बस्तीत गेल्यात."

"तिच्यासमोर बोलत नाही मी. तिला वाईट वाटतं." त्यांनी चादरीची कड हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली. "ती घरात नाहीये, बाई. किती दिवस झाले ते मला सांगता येणार नाही, माझं डोकं असं झालंय. पण नाहीये. सकाळी जाग आली की पहिल्यांदा हुंगून बघतो. तिचा वास येत नाही घरात. उशीला थोडा होता, तोही गेला."

मी अडकित्ता खाली ठेवला.

"विचारायचंत मग अक्कांना."

"कसं विचारू? विचारलं आणि ती म्हणाली, त्रिशला गेली, तर? मग मी उद्या विसरणार. परवा पुन्हा विचारणार. पुन्हा तेच ऐकायचं. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं. नको. न विचारलेलं बरं." ते माझ्या बाजूला वळले, डोळे माझ्या खांद्याच्याही पलीकडं लागलेले. "तुम्हाला म्हणून सांगतो. तुम्ही चार ठिकाणी फिरता, कारखान्यात जाता, माणसं भेटतात तुम्हाला. म्हणून मी तुमच्याशी एवढं बोलतो, तुम्ही नाराज होऊन यायच्या थांबू नये म्हणून. मला काही गोड बोलता येत नाही, तिला विचारा. पण तुम्ही आलात की वाटतं, आज सांगावं. कुठं दिसली तर एवढंच सांगा, भरतेश घरी आहे म्हणावं. वाट बघतोय."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. "अहो, मीच हो! मी त्रिशला! इथंच आहे मी, रोज इथंच असते. कारखान्यातल्या वाफेचा वास आहे हा. बघा ना, हात बघा माझा!"

त्यांनी हात काढून घेतला. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. नुसते म्हणाले, "मी तुमच्यापाशी मन मोकळं केलं, बाई. त्याची अशी थट्टा करू नये. माझी त्रिशला लसणाला शिवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन राजीनामा दिला.

आमचे व्यवस्थापक सोनवलकर, वयानं माझ्याहून बरेच लहान, पण सज्जन. त्यांनी खुर्ची पुढं केली, चहा मागवला. "मॅडम, वर्षभरात पूर्ण बंदिस्त भट्टी येतेय. वाफेचा कणसुद्धा बाहेर नाही येणार. तेवढं वर्ष काढा. ही रीत तुमची आहे, तुमच्याशिवाय चाचणी अडेल."

"अडू द्या," मी म्हटलं. "वर्षभर मला आहे हो. त्यांना आहे की नाही ते कुणी सांगत नाही."

ते उठले. मला गेटपर्यंत सोडायला आले. सगळी हयात ज्याच्यासाठी घातली ते असं एका दुपारी टाकून यायचं म्हणजे काळीज तुटतं. पण मी मागं वळून बघितलं नाही, घरची ओढ जबर होती.

घरी येऊन काय? वास तर अंगातच होता. मी आवळे खाल्ले, लिंबं पिळून प्यायले. कुणी म्हणालं त्यानं लवकर जातो, कुणी म्हणालं जात नाही. मी सगळं करून बघितलं. पाणी पी पी प्यायले, उन्हात बसून घाम काढला. आणि रोज दुपारी लसूणबाई होऊन त्यांच्यापाशी बसत राहिले, कारण तेवढंच आमच्यात उरलं होतं.

ते विचारायचे, "दिसली का हो कुठं?"

मी म्हणायची, "दिसली."

"खरं?" चादर बाजूला सारून उठून बसायचे. "कुठं? बरी आहे ना? वाळली असेल."

"बरी आहे. येते म्हणाली. थोडं काम राहिलंय, ते झालं की येते."

"काम काय, तिचं कधी संपतं का!" असं म्हणून हसायचे, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. सकाळी उठून सगळं विसरलेले असायचे. दुपारी मी पुन्हा सांगायची. माझाच निरोप, मीच पोचवायची. एकदा मी विचारलं, "तिला काय सांगू तुमच्याकडून?" म्हणाले, "सांगण्यासारखं काही नाही. ये म्हणावं."

हळूहळू वास उतरायला लागला. मला कळायचं नाही, आपल्या अंगाचं आपल्याला कुठलं कळतंय? त्यांच्यावरून कळायचं. एका दुपारी म्हणाले, "लसूणबाई, आज लांब का बसलात?" मी अगदी पलंगाला लागून बसले होते. आणखी काही दिवसांनी, "बाई, जाताय का? आवाज जवळून येतोय, पण तुम्ही लांब गेल्यासारख्या वाटताय." मी हरखून अक्कांना सांगितलं, वास जातोय! अक्कांनी बस्तीतून मूर्तीच्या अभिषेकाचं गंधोदक आणून माझ्या कपाळाला लावलं.

पण पुढं काय येणार आहे, याचा विचार मी केला नव्हता. लसणाचा वास ओळखू येण्याइतका राहिला नाही, आणि माझा स्वतःचा वास अजून वर आला नाही. लसूणबाई गेली आणि त्रिशला यायची होती. त्या मधल्या दिवसांत मी कोणीच नव्हते. खोलीत गेले की ते अंग चोरायचे. "कोण आहे? कोण आलंय? अक्का! कोणीतरी आलंय घरात!" हातातला घास ढकलून द्यायचे. दोन्हीकडचं कुणीही जवळ घेणार नाही अशी जागा असते, ती मला तेव्हा कळली. रसायनशास्त्रात एवढी वर्षं घालवून मी त्या रेघेबद्दल बोलत आले होते, तिथं उभं राहायचं म्हणजे काय असतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

त्यातच त्यांना ताप भरला. छातीत कफ झाला. डॉक्टर मुजावर मुद्दाम घरी येऊन गेल्या. बाहेरच्या खोलीत मला म्हणाल्या, "शक्ती कमी होतेय. दवाखान्यात नेलं तर अनोळखी वासांनी आणखी घाबरतील. इथंच राहू द्या. औषध देऊ, बघू."

"माझा वास परत यायला किती दिवस लागतील हो?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला त्यांचंही सांगता येत नाही आणि तुमचंही."

माझी एकच मागणी होती, देवापाशी आणि त्या मूलद्रव्यापाशी. यांचा जीव जायच्या आधी माझ्या अंगातनं ते जावं. बाकी काही नको. मी उंबऱ्याबाहेर चटईवर बसायला लागले. आत अक्का त्यांना पेज भरवायच्या आणि मी बाहेरून चमचा किती रिकामा होतो ते बघायची. रोज सकाळी आंघोळ झाली की मी पदराची घडी अक्कांच्या हातात द्यायची, आदल्या दिवशी नेसलेल्या पातळाची. त्या ती त्यांच्या नाकाशी धरायच्या. ते तोंड फिरवायचे. अक्का बाहेर येऊन मान हलवायच्या. मी म्हणायची, असू दे, उद्या बघू. एकदा तोंड फिरवलं नाही, नुसतं कपाळाला आठी घालून पडून राहिले. त्या दिवशी आम्ही दोघी नणंदा-भावजया स्वयंपाकघरात एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, एवढ्याशा आठीसाठी!

ताप उतरला, पण माणूस पार सुकून गेला. बोलणं बंदच झालं. अक्का म्हणायच्या, "आता तू आत जाऊन बस. ओळखू दे नाहीतर न ओळखू दे. शेवटी तुझाच आहे तो." मी जात नव्हते. त्यांनी भिऊन अंग चोरलेलं मला पुन्हा बघायचं नव्हतं.

मग एका सकाळी अक्का घडी घेऊन आत गेल्या आणि बाहेरच येईनात. मी बसल्या जागेवरून हाक मारली, "अक्का?" मी उठून उंबऱ्यात गेले. अक्का पलंगाशी उभ्या होत्या, तोंडावर हात धरून. ती पातळाची घडी त्यांच्या हातात नव्हती. यांनी ती दोन्ही मुठींत धरली होती, नाकाशी. आणि माझं पाऊल आत पडलं तसं त्यांचं तोंड दाराकडं वळलं.

"कुठं होतीस?"

बारीक आवाज, कोरडा, खरखरीत. 'तुम्ही' नाही, 'बाई' नाही. मी पलंगापाशी गेले. एवढे महिने मी काय काय ठरवून ठेवलं होतं. भट्टी, वाफ, निरोप, सगळं नीट पहिल्यापासून सांगायचं होतं. तोंडून निघालं एवढंच, "इथंच होते ओ. इथंच होते मी."

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानात चाललं होतं. "इथं असतीस तर मला कळलं नसतं?"

मी त्यांच्या उशाशी बसले, पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "बाहेर गेले होते. आता नाही जायची."